प्रश्न कोणाचा? : श्राव्य मुलाखतीच्या मराठी गद्याचा विचार

१

मराठी गद्याच्या चर्चेत मुलाखत या प्रकाराला स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. निबंध, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, पत्रवाङ्मय यांचे इतिहास लिहिले गेले; व्यक्तिचित्र आणि ललित लेख यांच्या स्वरूपाविषयी वाद झाले. मुलाखत मात्र वाचली जाते ती साधन म्हणून. एखाद्या कवीच्या वा कादंबरीकाराच्या मुलाखतीतून त्याची वाङ्मयीन भूमिका शोधावयाची आणि ती सापडली की मुलाखत बाजूला ठेवावयाची, असा परिपाठ पडून गेला आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'उपयोजित मराठी'चा समावेश झाल्यावर ती वर्गात शिरली खरी, परंतु तेथेही कौशल्य म्हणूनच. पूर्वतयारी कशी करावी, प्रश्नावली कशी काढावी, समारोप कसा करावा याचे मुद्दे विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. जो प्रकार केवळ कौशल्य म्हणून शिकवला जातो त्यात अर्थ कसा घडतो, हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही.

प्रस्तुत लेखात ही गरज एका मर्यादित क्षेत्रापुरती मांडावयाची आहे. नभोवाणीवरून आणि अलीकडे पॉडकास्टमधून प्रसृत होणारी, चालू घडामोडी व रोजच्या जगण्यातील सामाजिक प्रश्न यांविषयीची मुलाखत हे ते क्षेत्र होय. अशा मुलाखतीचे परीक्षण बहुधा उत्तरांवरून केले जाते. पाहुणा जाणकार होता का, माहिती उपयुक्त होती का, एवढ्यावर श्रोता आणि समीक्षक दोघेही समाधान मानतात. परंतु मुलाखतीचे गद्य प्रश्न घडवतो. कोणत्या भाषेत विचारले, कोणाच्या वतीने विचारले, उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न बदलला की कागदावर होता तोच राहिला, यांवर उत्तराची वाक्यरचनासुद्धा ठरते. प्रश्न ज्याचा असतो, मुलाखतीची भाषा त्याच्याकडे झुकते. गेल्या सात दशकांत मराठी श्राव्य माध्यमात हा प्रश्न कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहिले तर या गद्याचा एक वेगळा इतिहास हाती लागतो. कोल्हापूर जिल्ह्याचा त्या इतिहासाशी अगदी आरंभापासून संबंध आहे.

२

'मुलाखत' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ केवळ भेट. हिंदी-उर्दूत तो आजही त्याच अर्थाने चालतो. मराठीत मात्र तो आक्रसून प्रश्नोत्तरांच्या योजलेल्या भेटीपुरता उरला. अर्थसंकोचाचे हे उदाहरण भाषाविज्ञानाच्या तासाला देण्याजोगे आहेच, शिवाय त्यात एक सूचनही आहे. भेटीत दोन्ही बाजू परस्परांना विचारू शकतात. मुलाखतीत विचारण्याचा अधिकार एका बाजूकडे गेला.

मराठी परंपरेत प्रश्नकर्त्याचे स्थान एवढे एकसुरी नव्हते. 'लीळाचरित्रा'त (सुमारे १२७८) अनेक लीळा शिष्याच्या पृच्छेतून उलगडतात. महदाइसेची तर ओळखच चर्चक म्हणून आहे. तिच्या विचारण्याने निरूपणाला दिशा मिळते. शिवाय म्हाइंभटाने आठवणी गोळा केल्या त्या लोकांकडे जाऊन, त्यांना विचारून. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या स्मृती त्या परंपरेने पुसून टाकल्या नाहीत, शेजारी शेजारी राहू दिल्या. या ग्रंथाकडे मुलाखतींच्या संकलनाच्या अंगाने पाहिले, तर मराठी गद्याचा आरंभच विचारण्यातून झाला असे म्हणण्यास जागा आहे.

पुढे महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मांडली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' (१८९१) हेही बव्हंशी प्रश्नोत्तररूप आहे. धोंडिबाचे कार्य केवळ पुढच्या उत्तरासाठी वाट करून देण्याचे नाही. सामान्य माणसाच्या मनात येईल ती शंका तो मोकळेपणाने बोलून दाखवतो आणि त्यामुळे युक्तिवाद पोथीसारखा न होता बोलता राहतो. अर्थात येथे दोन्ही आवाज एकाच लेखणीतून आलेले आहेत, हे विसरता येत नाही. तमाशातील सवाल-जवाबाची जात याहून निराळी. तेथे विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. समोरच्याला अडवणे हाच सवालाचा हेतू असतो. जिज्ञासूचा प्रश्न, सामान्याची शंका आणि परीक्षकाचा सवाल अशी ही तीन रूपे नभोवाणीच्या आधीपासून मराठीत रुजलेली होती. नभोवाणीने त्यांत उपचाराच्या प्रश्नाची भर घातली. त्याचा विचार पुढे येईल.

३

मुंबईत नियमित प्रक्षेपण १९२७ मध्ये सुरू झाले, पुणे केंद्र १९५३ मध्ये. पुणे केंद्राला तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, तेथून एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृगट स्थापन करण्यात आले. दहा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्ध्या तासाचा एक याप्रमाणे २० कार्यक्रम प्रक्षेपित झाले. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, गावाचा कारभार असे रोजच्या व्यवहारातले होते. गटातील माणसे सार्वजनिक संचाभोवती बसून कार्यक्रम ऐकत, संच बंद करून त्यावर चर्चा करीत आणि चर्चेतून उरलेले प्रश्न लिहून पुण्यास पाठवीत. त्यांतील प्रश्न पुढच्या कार्यक्रमांतून घेतले जात व त्यांना उत्तरे दिली जात. कल्पना मूळची कॅनडातील शेतकरी श्रोतृगटांची. तेथे वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा असा क्रम होता. येथे त्यातील वाचन गळाले आणि ऐकण्यापासून आरंभ झाला.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झाले. ते करणारे पॉल न्यूराथ हे व्हिएन्नाचे, नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत गेलेले समाजशास्त्रज्ञ होते. जबरदस्तीच्या मौनाचा अनुभव घेतलेला माणूस महाराष्ट्रातील खेड्यांत लोक बोलतात कसे हे मोजण्यासाठी यावा, हा योगायोग नोंदवावासा वाटतो. न्यूराथ आणि आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक, हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर, यांचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला. श्रोतृगट असलेल्या गावांची तुलना गट नसलेल्या गावांशी केली असता ज्ञानातील वाढ गटांच्या गावांत लक्षणीय आढळली. ज्या गावांत रेडिओ होता पण गट नव्हता तेथे ती फारशी दिसली नाही. याचा अर्थ उघड आहे. फरक रेडिओने पडला नव्हता. ऐकून झाल्यावर चाललेल्या बोलण्याने पडला होता.

समाजशास्त्रात आणि संज्ञापनविद्येत हा प्रयोग परिचित आहे. मराठीच्या अभ्यासकांनी मात्र त्याकडे पाहिलेले दिसत नाही, आणि त्यांच्यासाठी त्यात बरेच काही आहे. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणानंतर अवघ्या सात वर्षांनी येथील खेड्यातला माणूस पुण्याच्या प्रमाण मराठीत चाललेले संभाषण ऐकतो आणि त्यावर आपल्या बोलीत वाद घालतो. वादातून निघालेला प्रश्न गटातील लिहिता-वाचता येणारा माणूस लेखी मराठीत बसवतो. तोच प्रश्न पुण्याचा निवेदक पुन्हा बोलक्या प्रमाण मराठीत वाचतो. एका प्रश्नाची ही तीन रूपांतरे आहेत. प्रत्येक टप्प्यावर काही गळाले असणार आणि काही घासून लखलखीत झाले असणार. तरीही प्रश्नाचे मूळ गावाच्या बैठकीत होते. स्टुडिओतला तज्ज्ञ त्याला बांधील होता. ब्रेख्तने १९३२ मध्ये नभोवाणी ही केवळ वाटपाची यंत्रणा न राहता दोन्ही बाजूंनी बोलण्याची व्हावी, अशी मागणी केली होती. ती मागणी काही प्रमाणात का होईना, या २० संध्याकाळींत अमलात आली. हे गट मुख्यत्वे पुरुषांचे होते, ही त्याची मोठी उणीव.

याच सुमारास मराठी ग्रामीण साहित्य आकार घेत होते, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. आणि माडगूळकर दीर्घकाळ पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात होते. त्यांच्या गद्यातील आखूड, श्वासाएवढी वाक्ये आणि कानाला जाणवणारे संवाद यांची चर्चा करताना समीक्षकांनी चित्रकाराच्या नजरेचा वारंवार उल्लेख केला, माइकसमोर बसणाऱ्या माणसाच्या कानाचा मात्र क्वचितच. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील आणि कागलचे आनंद यादव यांच्या बोलीच्या उपयोजनाबरोबर त्या काळातील ग्रामीण नभोवाणीची भाषा ठेवून पाहणे हा एका प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

४

पुढील दोन दशकांत ट्रान्झिस्टर घराघरांत आला आणि सामूहिक श्रवण विरत गेले. १९६३ पासून सांगली केंद्र, आणि पुढे कोल्हापूरचे स्वतःचे केंद्र, यांमुळे आवाज जवळ आला. परंतु बैठक मोडली. श्रोता आता एकटा होता आणि त्याचा प्रश्न निवेदकाने त्याच्या वतीने विचारावयाचा होता. आकाशवाणीची माहितीपर मुलाखत या व्यवस्थेतून घडली.

तिचे गद्य सहज ओळखू येते. पाहुणा बहुधा अधिकारी, डॉक्टर, कृषितज्ज्ञ किंवा प्राध्यापक असतो. प्रश्न आधी ठरलेले असतात. भाषणांची संहिता आधी लिहून संमत करून घेण्याची आकाशवाणीची रीत मुलाखतीतही मुरली आणि उत्तरे बोललेली असूनही लिहिल्यासारखी येऊ लागली. 'काळजी घेतली पाहिजे', 'लाभ घ्यावा', 'जागरूक राहणे गरजेचे आहे' अशा विध्यर्थी आणि कर्तव्यवाचक रचनांची त्यात रेलचेल असते. कर्ता अनेकदा नाहीसा होतो. काळजी कोणी घेतली नाही म्हणून ही वेळ आली, ते वाक्य तयार होत नाही. शेवटी तो ठरलेला प्रश्न येतो : जाता जाता आपल्या श्रोत्यांना काय संदेश द्याल? उपचाराचा प्रश्न म्हणतात तो हा. त्याला उत्तराची अपेक्षाच नसते. तो विचारला जाताच श्रोत्याची जागा ठरून जाते. १९५६ मध्ये जो विचारीत होता, तो आता संदेश घेण्यापुरता उरतो.

या सगळ्याला केवळ दोष म्हणणे अन्यायाचे होईल. संयम, अचूकता आणि उच्चारांची निगा ही आकाशवाणीची देणगी आहे. शेतीचे औषध किती लिटर पाण्यात मिसळावे हे सांगताना चूक झाली तर पीक जाते, ही जबाबदारी त्या संथ गद्यामागे होती.

मुंबई केंद्राने रोजच्या प्रश्नांसाठी निराळी वाट काढली होती. 'पुन्हा प्रपंच' या लोकप्रिय मालिकेत टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांच्या घरगुती बोलण्यातून महागाई, शेजार, मुलांचे शिक्षण, नागरी गैरसोयी असे विषय येत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज श्रोत्यांना नात्यातले वाटत. येथे कोणी तज्ज्ञ नव्हता आणि प्रश्न स्वयंपाकघरातून निघत. फुल्यांच्या धोंडिबाप्रमाणे याही संवादामागे लेखणी होती. तथापि श्रोत्याच्या शंकेला एक अंगभूत आवाज मिळाला. तो मुंबईच्या मध्यमवर्गीय घराचा होता, एवढेच.

नंतर दूरध्वनीवरून श्रोत्यांना सहभागी करून घेणारे कार्यक्रम आले. प्रश्न पुन्हा श्रोत्याकडे गेला असे वाटले. प्रत्यक्षात त्याला मिळाली ती एका वाक्याची जागा. आधी नाव, मग गाव, मग प्रश्न, आणि उत्तर सुरू होताच दूरध्वनी बंद. उत्तरावर पुन्हा विचारण्याची सोय त्यात नसते, आणि उलट विचारता येत नाही तो प्रश्न अर्जासारखा होतो.

५

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर खासगी एफएम वाहिन्या आल्या. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली. मात्र या दोन्ही प्रकारांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम करण्याची मुभा मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने खासगी वाहिन्यांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रक्षेपित करण्यास परवानगी दिली आणि वाहतूक, हवामान, परीक्षा, नोकरीच्या संधी, वीज-पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांविषयीच्या सूचना बातम्यांच्या व्याख्येबाहेर ठेवल्या.

या यादीचा भाषेवर झालेला परिणाम अभ्यासण्यासारखा आहे. पाणी उद्या येणार नाही, हे सांगता येते. ते वारंवार का येत नाही, हे विचारावयास गेले की विषय चालू घडामोडींच्या हद्दीत शिरतो. म्हणजे 'केव्हा' आणि 'कोठे' या प्रश्नांना परवानगी आहे आणि 'का' हा प्रश्न धोक्याचा आहे. कोल्हापूरकरांना याचा प्रत्यय पावसाळ्यात येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हा जुलै-ऑगस्टमधला सार्वजनिक प्रश्न. ३९ फूट इशारापातळी आणि ४३ फूट धोकापातळी हे आकडे येथे लहान मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी धोकापातळीच्या कितीतरी वर गेले. फूट आणि इंच ऐकण्यासाठी कान लावून बसलेल्या माणसाला आकडा मिळतो, आणि तो मिळणे प्राणांइतके मोलाचे असते. तोच माणूस बोलू लागला तर काय सांगेल, ही गोष्ट पूर ओसरल्यावरच्या मुलाखतीवर सोडलेली असते.

तेव्हा ती मुलाखत कशी होते, हे एका रचित नमुन्यावरून पाहता येईल. नमुना कोणत्याही प्रत्यक्ष कार्यक्रमातला नाही. या प्रकारच्या संभाषणांची ठेवण दाखवण्यापुरता तो घेतला आहे. प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी यांसारख्या पूरग्रस्त गावातील एक प्रौढ शेतकरी स्त्री बोलते आहे, असे समजावे.

— पाणी दारात आलं तेव्हा तुम्ही आधी काय केलंत?
— काय करतोय? म्हशी सोडल्या आधी. माणूस काय, चालत जातंय. मग मी शाळंत गेलो. तर तिथं माणसांस्नी जागा, आणि जनावरं सगळ्यांची रस्त्यावर. मग परत फिरलो की मी.
— म्हणजे शासनाने जनावरांची सोय करायला हवी होती, असं तुम्हाला म्हणायचं आहे?
— व्हय, तसंच.

पहिला प्रश्न चांगला आहे. तो कृतीविषयी विचारतो, मताविषयी नाही. म्हणून उत्तरात क्रम आला. आधी म्हशी, मग माणूस, मग परत फिरणे. या क्रमात एक पूर्ण युक्तिवाद आहे. स्थलांतराची व्यवस्था माणूस हा एकक धरून आखली आहे, आणि बोलणाऱ्या स्त्रीच्या लेखी माणूस व जनावर मिळून एक घर आहे. त्यामुळे सुरक्षित जागी पोहोचूनही ती परतली. गावे वेळेत का रिकामी होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्याच्या मुलाखतीत 'नागरिकांनी सहकार्य करावे' या रूपात येते. येथे ते कारणासह आले आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र ते कारण गुंडाळून त्याची मागणी केली. 'म्हणजे' या अव्ययाने आरंभ होणारा हा प्रश्न मराठी मुलाखतीत फार आढळतो. तो दुसऱ्याच्या अनुभवाचे आपल्या भाषेत भाषांतर करतो आणि त्यावर त्याचीच संमती घेतो. 'व्हय, तसंच' हे उत्तर नाही. तो विषय सोडून देणे आहे. मुलाखतकाराने येथे 'परत का फिरलात?' एवढेच विचारले असते, तर गद्य वेगळ्याच दिशेला गेले असते.

बोलीचा मुद्दा येथेच येतो. खासगी वाहिन्यांनी कोल्हापुरी बोलीला प्रतिष्ठा दिली असे म्हटले जाते, आणि ते काही अंशी खरे आहे. 'लई भारी', 'नाद खुळा' हे प्रयोग कोल्हापूरबाहेरही पोहोचले. परंतु ही बोली बहुतकरून निवेदकाच्या तोंडी, उत्साहासाठी आणि विनोदासाठी येते. विषय गंभीर झाला, पाहुणा डॉक्टर किंवा वकील असला, की तोच निवेदक प्रमाण मराठीकडे वळतो. बोली चवीपुरती आणि विचार प्रमाणभाषेत, अशी ही वाटणी आहे. वर दिलेल्या नमुन्यातील बोली विचार करते. तिला रांगडी म्हणून टाळी देणे हा तिचा सन्मान नाही.

या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' आणि जत तालुक्यातील जालिहाळची 'येरळावाणी' ही सामुदायिक केंद्रे महत्त्वाची आहेत. माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं'मधून ज्या मुलखाला अक्षरांत आणले, त्याच मुलखातील माणसे, आणि त्यांत स्त्रियाही, आता माइकसमोर बसून दुष्काळ, चारा, बाजार, आरोग्य यांवर बोलतात. विचारणारी आणि उत्तर देणारी यांची बोली एकच असल्याने 'म्हणजे'ची गरज कमी होते. अशा केंद्रांचा आवाका मात्र काही किलोमीटरांचा असतो आणि त्यांचे ध्वनिमुद्रण अभ्यासकांपर्यंत क्वचितच येते.

६

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये एका इंग्रज पत्रकाराने लेखाच्या ओघात वापरला आणि तो रूढ झाला. मराठीत त्याला प्रतिशब्द सुचवण्याचे प्रयत्न होतील. तूर्त लोक पॉडकास्ट म्हणतात आणि त्यात वावगे काही नाही. त्यास प्रक्षेपणाचा परवाना लागत नाही, वेळेचे कुंपण नसते आणि नभोवाणीवरील वृत्तबंदी त्याला लागू नाही. देशाचे इतर कायदे अर्थातच लागू आहेत. 'थिंक बँक'सारख्या उपक्रमातून राजकारण, अर्थकारण, शेती यांवर प्रदीर्घ मुलाखती होतात. 'अमुक तमुक'च्या 'खुसपुस'मध्ये घराघरांत दबक्या आवाजात बोलले जाणारे विषय उघडपणे मांडले जातात. बीबीसी मराठीनेही 'गोष्ट दुनियेची'सारखे श्राव्य कार्यक्रम केले, पण ते मुख्यतः निवेदनाच्या जातीचे आहेत.

आकाशवाणीच्या दहा-पंधरा मिनिटांच्या तुलनेत तासा-दीड तासाची मुलाखत हा भाषेच्या दृष्टीने निराळा पदार्थ आहे. पाहुणा घरून तयार करून आणलेली वाक्ये पहिल्या वीस मिनिटांत संपतात. त्यानंतर तो अडखळतो, स्वतःलाच दुरुस्त करतो, अर्धे वाक्य सोडून आठवणीत शिरतो. मराठी बोलण्यातील 'काय असतं ना', 'नाही म्हटलं तरी', 'आता बघा' ही पालुपदे, जी लेखनात भरताड ठरतात, ती येथे विचाराची पावले म्हणून ऐकू येतात. वॉल्टर ऑङ् यांनी १९८२ मध्ये लेखनोत्तर काळातील तंत्राधिष्ठित बोलण्यासाठी दुय्यम मौखिकतेची संकल्पना मांडली. तिचे मराठी उदाहरण हवे असेल तर अशा मुलाखतीचा उत्तरार्ध ऐकावा.

प्रश्नाचे काय झाले, हे मात्र तपासले पाहिजे. पॉडकास्टमधील मुलाखतकार निवेदकापेक्षा मित्राच्या भूमिकेत असतो. एकेरीवर येणे, हसणे, 'मला पण असंच झालं' म्हणणे यांनी संकोच जातो आणि जिव्हाळ्याच्या विषयांत ते उपयोगीही पडते. चालू घडामोडींच्या विषयांत याच मैत्रीची किंमत मोजावी लागते. मित्राला अडचणीचे विचारता येत नाही. पाहुण्याने आकडा सांगितला, तर तो कोठून आला हे विचारणे बेरंग ठरते. आकाशवाणीचा प्रश्न अधिकाराला शरण होता; हा प्रश्न गट्टीला शरण जातो. शिकागोत १९५२ पासून चार दशकांहून अधिक काळ रेडिओवर मुलाखती घेणारे स्टड्स टर्केल हेही समोरच्याशी जिव्हाळ्याने बोलत. 'वर्किंग' (१९७४) या त्यांच्या पुस्तकात सामान्य कामकरी माणसे आपल्या कामाविषयी बोलतात. पण टर्केल यांचे कुतूहल माणसाच्या कामाकडे होते, स्वतःच्या मताच्या पुष्टीकडे नव्हते. मराठी पॉडकास्टचे पाहुणे पाहिले तर यशस्वी, प्रसिद्ध किंवा तज्ज्ञ माणसांचेच प्रमाण मोठे दिसते. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, ऊसतोडीच्या टोळीतील बाई, गूळ-गुऱ्हाळावरचा गुळव्या यांच्याकडे तास-दीड तास बोलण्याइतके काही असेल, ही कल्पना अजून रुजावयाची आहे. गुळव्याला काहिलीतल्या पाकाविषयी विचारून पाहावे.

आणि श्रोता? १९५६ मध्ये तो बैठकीत होता, ट्रान्झिस्टरपाशी तो घरात होता, आता कानात बोंडे घालून बसमध्ये एकटा आहे. त्याला थांबवता येते, मागे जाता येते, पुन्हा ऐकता येते. हे स्वातंत्र्य लहान नाही. फक्त संच बंद झाल्यावर शेजारच्याकडे वळून 'हे पटलं का तुला?' असे विचारण्याची जागा त्याच्यापाशी नाही.

७

मराठी विभागांनी या क्षेत्रात करावयाचे काम पद्धतीचे आहे, आणि त्याची सुरुवात लिप्यंतरापासून होते. मुलाखतीचा अभ्यास आजवर छापील रूपावरून झाला, आणि छापील रूप म्हणजे बहुधा संपादकाने धुऊन काढलेले गद्य. त्यातून प्रश्न अनेकदा वगळले जातात आणि उत्तरांचे सलग निवेदन केले जाते. असे झाले की प्रस्तुत लेखातील मूळ प्रश्नच विचारता येत नाही. म्हणून प्रश्न, त्यातील अडखळ, मध्येच तोडलेली वाक्ये आणि मौनाचे क्षण खुणांनी दाखवणारे लिप्यंतर हवे. मौन सेकंदांत नोंदवावे. 'थोडे थांबून' या शब्दांत संपादकाचा अंदाज शिरतो. ज्या मुलाखतीत एकाहून अधिक माणसे बोलतात तेथे 'लीळाचरित्रा'च्या परंपरेचे स्मरण ठेवून भिन्न आठवणी भिन्नच राहू द्याव्यात.

पदव्युत्तर वर्गासाठी यातून एक सोपा अभ्यास निघतो. एकाच विषयावरील आकाशवाणीची, खासगी वा सामुदायिक वाहिनीची आणि पॉडकास्टची अशा तीन मुलाखतींतील केवळ प्रश्न क्रमाने लिहून काढावेत आणि उत्तरे झाकून ठेवावीत. प्रश्नांवरून उत्तर देणाऱ्याचा हुद्दा, लिंग आणि गाव ओळखता येते का, हे पाहावे. त्यानंतर किती प्रश्न आधीच्या उत्तरातून जन्मले आणि किती कागदावरून आले, याची मोजणी करावी.

बोलीच्या लेखनाबाबत कोल्हापूर परिसरात एक अडचण हमखास येते. येथील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी जातो' अशी क्रियापदे वापरतात. वरील नमुन्यातील 'मी शाळंत गेलो' हे त्याचेच उदाहरण. लिप्यंतर करणारा विद्यार्थी, विशेषतः बाहेरून आलेला, हे चूक समजून 'मी गेले' असे करतो. काही वेळा स्थानिक विद्यार्थीही शिक्षकाच्या धाकाने तसे करतो. ध्वनिमुद्रण जवळ नसेल तर हा बदल पुढे कोणाच्याही लक्षात येणार नाही, आणि त्या स्त्रीने पुराच्या पाण्यातून परत फिरताना स्वतःसाठी वापरलेले क्रियापद कागदावर उरणार नाही. मूळ उच्चार तसाच ठेवावा, त्यावर तळटीप देऊ नये, आणि लिप्यंतरासोबत ध्वनिमुद्रणाची प्रत विभागाच्या ग्रंथालयात दाखल करावी.